चूप बसायचा गृहपाठ

शाळेत काउन्सेलर कशाला ठेवतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बोर्डाची माणसं तपासणीला येतात तेव्हा एका खोलीवर 'काउन्सेलर' अशी पाटी लागते, आणि त्या पाटीखाली एक बाई बसलेली लागते. ती बाई मी. मंदाकिनी हेडाऊ. तपासणी नसते तेव्हा मी रजेवर गेलेल्या मॅडमचा वर्ग सांभाळते, उलटी झालेल्या पोराला घरी पाठवते, दप्तरात मोबाईल सापडला की त्याच्या बापाला फोन लावते. माझ्या खोलीत माझं टेबल आहे, आणि सव्वीस जानेवारीच्या कवायतीचे ढोल आहेत, फुटलेले फुटबॉल आहेत, विसरलेल्या स्वेटरांचा ढीग आहे. एक कूलर आहे. तो वारा कमी आणि वास जास्त देतो.

राजधानी झाल्यापासून रायपुरात अशा शाळांचं पीक आलं. पहिली ते आठवी, बाहेर संगमरवरी पायऱ्या, आत एका बाकावर तीन पोरं. मंत्रालयातल्या साहेबांची, गोल बाजारातल्या भांडेवाल्यांची, उरला या औद्योगिक वसाहतीतल्या सुपरवायझरांची, सगळ्यांची पोरं एकाच रंगाच्या टायमध्ये. आईबापांना एकच हवं असतं, पोरानं फाडफाड इंग्रजी बोलावं. मास्तरणींना ते येत नाही, हे कोणी कोणाला सांगत नाही.

माझं आणखी एक काम आहे, ते पाटीवर लिहिलेलं नाही. जे पोरगं निकाल खाली ओढेल असं वाटतं, त्याच्या आईबापांना बोलावतात. प्रिन्सिपल धर्मपाल सर मधल्या खुर्चीत बसतात, मला शेजारी बसवतात आणि म्हणतात, "हमारी काउन्सेलर मैडम आपको समझाएँगी." मग आईबाप माझ्याकडे असे पाहतात, जशी काही मी डॉक्टर आहे आणि माझ्या हातात रिपोर्ट आहे. पोरगं आपण होऊन शाळा सोडून जातं. सगळे म्हणतात, काउन्सेलिंग झालं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी, प्रार्थना संपल्यावर, चौथीच्या अस्मिता मॅडम एका पोराला मनगटाला धरून माझ्या खोलीत घेऊन आल्या. अस्मिता चोवीस-पंचवीसची पोरगी आहे. मनानं वाईट नाही, फक्त कायम घाईत असते.

"मैम, ये अभिनव. अभिनव भोंगाडे. ये बोलता ही नहीं. पिछले साल थोड़ा-बहुत बोलता था, अब बिल्कुल बंद. सर कह रहे हैं, आप देख लीजिए, स्पेशल केस है."

"सर कह रहे हैं, या तुम्हें लगता है?"

"अब सर कह रहे हैं तो..." आणि ती गेलीसुद्धा.

पोरगं उभं. केस चापून बसवलेले, बूट चकचकीत, नखं कापलेली. घरी कोणीतरी जीव लावून तयार करतं, हे दिसत होतं. मी हिंदीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. चित्रं दाखवली, ठोकळे दिले. ठोकळे त्यानं रंगाप्रमाणे लावले, चित्रातला चोर बरोबर ओळखून बोट ठेवलं. 'बस' म्हटलं की बसायचा, 'उठ' म्हटलं की उठायचा. डोकं ठीक होतं, कान ठीक होते. पण ओठ उघडले नाहीत. मला राग आला तो याचा, की ते पोरगं हट्टानं गप्प नव्हतं. आज्ञाधारक होऊन गप्प होतं. शिकवलेलं करून दाखवावं, तसं.

मी आईला बोलावून घेतलं.

वनमाला भोंगाडे दुसऱ्या दिवशी आली. इस्त्रीची साडी, खांद्यावरून पदर, पर्स दोन्ही हातांत धरलेली. खुर्चीच्या कडेवर बसली. मी हिंदीत विचारत गेले आणि ती "जी" म्हणत गेली. घर में बोलता है? जी. दोस्त हैं? जी. कभी गिरा था, चोट लगी थी? जी... नहीं जी. अर्धा तास असा गेला. मी थकले. मग कूलरचा पाइप निसटला आणि टेबलावरच्या सगळ्या कागदांवर पाणी. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता हे काहून सांडलं व माय!"

बाई एकदम वर पाहायला लागली.

"तुमी आपल्यातल्या हाय का, मॅडम?"

"मूळच्या गोंदियाच्या. बाप रेल्वेत होता. जन्म इथलाच."

"मी आर्वीची. आमचे हे वर्ध्याचे." पर्स सुटली आणि मांडीवर आडवी पडली. "दोन वर्स झाले येऊन, पण मराठी बोलाले माणूसच नाही भेटत. कॉलनीत सगळ्या 'दीदी, दीदी' करतात. मी हसून देतो फक्त."

ती उठली, स्वतःच्या रुमालानं माझं टेबल पुसायला लागली आणि पुसता पुसता बोलायला लागली. कोण म्हणेल अर्धा तास ही बाई 'जी'च्या पुढं गेली नव्हती! उरल्याच्या धुरानं दोरीवरचे कपडे कसे काळे होतात, कारखान्यात नवऱ्याची पाळी कशी बदलत राहते, इथली संत्री कशी नुसती पाणचट. मी तिला बोलू दिलं. मग विचारलं, "आणि अभिनवसंग घरी काय बोलता?"

रुमाल थांबला.

"त्याच्यासंग? त्याच्यासंग तं मी बोलतच नाही न."

"म्हणजे?"

"तुमच्याच शाळेनं सांगतलं न, मॅडम. मागच्या वर्षी, त्या मोठ्या मीटिंगमंधी. घरात आपली भाषा बंद करा, नाहीतं पोराले इंग्रजी येणार नाही. ह्यायनं घरी आल्याबरोबर पोट्ट्याच्या डोक्यावर माहा हात ठेवाले लावला. घे म्हणे शपथ, घरात मराठी बोलणार नाही." तिनं आवाज खाली आणला. "मले इंग्रजी येत नाही. हिंदी येते तेवढी बोलतो. 'खाना खालो', 'नहालो', 'जल्दी करो', 'सो जाओ'."

"बस?"

"मंग काय बोलू? येवढीच येते."

ती मीटिंग मला आठवली. धर्मपाल सर स्टेजवरून दरवर्षी ते वाक्य म्हणतात. सगळ्या आया मान डोलावतात आणि घरी जाऊन आपापल्या भाषेत पोरांना झापतात. हिनं मात्र ऐकलं होतं. अख्ख्या हॉलमध्ये एकटीनं. एक वर्षापासून त्या पोराच्या कानावर आईचं एकही वाक्य पडलं नव्हतं, फक्त हुकूम. घरात हुकूम आणि शाळेत हुकूम. त्याला वाटलं असेल, भाषा म्हणजे एवढंच. त्यात आपण काय बोलायचं?

"तो बोलत नाही, हे तुम्हाला वावगं नाही वाटलं?"

"वाटलं न. रोज वाटते." तिचे डोळे भरले, पण रडली नाही. "पण मले वाटलं, शिकून राहिला असंन. आतल्या आत इंग्रजी जमा करून राहिला असंन. येक दिवस येकदम बोलन."

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. म्हटलं, "आजपासून बोला त्याच्याशी. मराठीत. काहीही बोला."

"शपथ हाय, मॅडम. पोट्ट्याच्या डोक्याची. त्याले काही झालं तं?"

"झालंच आहे ना त्याला."

ते तिला लागलं. पर्स उचलून, दारापर्यंत जाऊन ती म्हणाली, "ह्यायले इचारा. मी घेतली, पण घ्यायले त्यायनं लावली. त्यायनं मोडली पाह्यजे."

संध्याकाळी धर्मपाल सरांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि फोनवर बोट फिरवत होते.

"मैडम, बहुत इमोशनल स्टोरी है. पर बच्चा बोलता नहीं, ये फैक्ट है न? शनिवार को फादर को बुलाया है. आप बस इतना कहिए कि इसको स्पेशल स्कूल की ज़रूरत है. टीसी हम अच्छा बनाकर देंगे."

"उसे ज़रूरत नहीं है, सर."

"ये आप तय करेंगी?"

"तख़्ती तो मेरे ही दरवाज़े पर लगाई है."

त्यांनी फोन खाली ठेवला. "मैडम, तख़्ती स्क्रू से लगी है."

घरी जाताना पुरानी बस्तीच्या गल्लीत स्कूटर बंद पडली. ढकलत नेली. शेजारचे दत्तोपंत ओट्यावरून ओरडले, "काय व मंदा, शाळेनं गाडीबी थकवली का तुही?" रोज हसते, त्या दिवशी हसले नाही. एम.ए. बाहेरून केलं, दुपारी लहान भावंडं झोपली की वाचून. कोणी शिकवलं नाही. पुस्तकात कुठंही लिहिलेलं नव्हतं की ही नोकरी म्हणजे पोरांना दाराबाहेर काढताना दार हळू लावणं आहे. नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हेही मला ठाऊक होतं. बावन्न वर्षांच्या बाईला कोणी घेत नाही.

शनिवारी सगळे सरांच्या खोलीत जमले. मधल्या खुर्चीत सर, शेजारी मी, समोर भोंगाडे कुटुंब. नीलकंठ भोंगाडे रात्रपाळी करून थेट आला होता. अंघोळ केलेली, पण कानामागं आणि नखांत काळं राहिलेलं. मध्ये अभिनव. त्याला बाहेर बसवा म्हटलं, तर सर म्हणाले, नको, बच्चे को देखकर पेरेंट्स जल्दी समझते हैं.

सरांनी पोराला विचारलं, "बेटा, व्हॉट इज़ युअर फ़ादर्स नेम?"

पोरगं आपल्या बुटांकडे पाहत राहिलं.

"देखा आपने." सरांनी हात पसरले. "अब हमारी काउन्सेलर मैडम आपको समझाएँगी."

नीलकंठनं माझ्याकडे त्या नजरेनं पाहिलं, जिला मी सगळ्यात जास्त विटले आहे.

मी मराठीत बोलले. सरांना कळू नये म्हणून नाही. त्या माणसाला नीट कळावं म्हणून. "भोंगाडे भाऊ, तुमच्या पोरात काही कमी नाही. त्याच्याशी घरात कोणी बोलत नाही, म्हणून तो बोलत नाही. वर्ष झालं. तुम्ही पाळीवर, आईला शपथ. तो बोलणार कोणाशी?"

"मैडम, हिंदी में," सर म्हणाले.

"मराठी बंद केली ते त्याच्या भल्यासाठी केली," नीलकंठ म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुमाले काय मालूम? बाहेरून इंजिनीअर लोकं आले होते मशीन पाहाले. मशीन मी चालवतो. सांगाले उभा राहिलो, तं मॅनेजर म्हणते, तू हट, तेरे बस का नहीं. ज्याले मशीनचं तोंड माहीत नाही अशा पोट्ट्यानं इंग्रजीत सांगतलं आन् टाळ्या घेतल्या. माह्या पोट्ट्यानं हटाचं नाही. म्हणून बंद केली."

"मग आली का इंग्रजी?"

तो नखांतलं काळं खरवडायला लागला.

"मराठी गेली, हिंदी गेली, इंग्रजी आली नाही. आता हे लोक म्हणतात, मुक्याच्या शाळेत घाला. शाळा काढून टाकतेय त्याला, भाऊ. समजलं का? आज, आत्ता. त्यासाठी बोलावलंय तुम्हाला."

असं स्पष्ट त्या खोलीत कोणी कधी बोललं नव्हतं. सरांना मराठी येत नव्हती, पण 'काढून टाकतेय'चा सूर त्यांनी ओळखला.

"मैडम, आप किसकी तरफ़ से बैठी हैं?"

नीलकंठ बायकोकडे वळला. थकलेला माणूस राग काढायला जवळची जागा शोधतो. "पाह्य! तू पाह्य! दिवसभर घरात असते, येवढं ध्यान नाही ठेवता आलं? पोट्टा मुका होऊन राहिला आन् हे बाई..."

"मी काय केलं?" वनमाला म्हणाली. हळूच. मग जरा मोठ्यानं. "बोल म्हटलं तवा बोलली, चूप म्हटलं तवा चूप बसली. तुमच्याच म्हणण्यानं बसली. आता चूप बसल्याचंबी माह्याच डोक्यावर काहून? पोट्टा तापानं फणफणला होता, रातभर उशाशी बसली मी, आन् 'सो जाओ, सो जाओ' म्हणत होती. कोणती माय पोराले तापात 'सो जाओ' म्हणते? 'राजा' म्हणाले जीभ वळवळे माही, दातात धरून बसली. शपथ घातली होती न तुमी!"

अभिनवनं मान वर केली होती. तो आईच्या तोंडाकडे पाहत होता. बोलला मात्र काही नाही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही.

नीलकंठनं तोंडावरून हात फिरवला. मग सरांकडे वळला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, वो बात आपने ही बोला था न? स्टेज से?"

"वो तो जनरल बात थी, भोंगाडे जी. सब स्कूल कहते हैं."

"मैं तो माना न. हमारे लाइन में ऊपरवाला बोलता है तो मानते हैं. नहीं मानेगा तो हाथ कटता है." तो उभा राहिला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "आपका बात माना, उसमें मेरा लड़का चुप हुआ. अब टीसी किस बात का? मैं नहीं लेता. निकालना है तो गेट पर खड़ा होऊँगा, पालक लोगों को एक-एक को बताऊँगा, इस स्कूल का बात मानोगे तो क्या होता है."

धर्मपाल सर हिशोबी माणूस. बाहेर शनिवारची सुट्टी होत होती, फाटकाशी गाड्या लागलेल्या. ते हसले. "अरे, बैठिए, बैठिए. टीसी की बात किसने की? सालाना परीक्षा तक देखते हैं. पर ज़िम्मेदारी मैडम की. बच्चा नहीं बोला, तो बच्चा भी जाएगा और..." पुढचं त्यांनी माझ्याकडे पाहून गिळलं.

"मंज़ूर है, सर," मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात मी नीलकंठला गाठलं. "शपथ मोडा आता. तुमच्या तोंडानं."

तो पोराकडे पाहत होता. "शपथ मोडत नाही, मॅडम. पोट्ट्याच्या डोक्याची हाय. आमच्या घरी असं नाही चालत." मग पोराच्या डोक्यावरून हात फिरवत, "शपथ घरातली हाय. शाळा घर नाही. इथं बोलन ते तं चालंल. काय व?" हे तो बायकोला विचारत होता. तिनं मान हलवली.

म्हणजे झालं असं, की ज्या इमारतीत मराठी बोललं तर पोराला बाकावर उभं करतात, ती रायपुरातली एकमेव जागा ठरली, जिथं त्या बाईला आपल्या पोराशी मराठीत बोलायची मोकळीक होती. मी हसले नाही. हसण्याएवढी ताकद नव्हती.

सोमवारपासून वनमाला मधल्या सुट्टीत गरम डबा घेऊन यायला लागली. मी ढोल एका कोपऱ्यात सरकवून दोघांना जागा केली. पहिल्या दिवशी पोरगं जेवलं आणि ती पाहत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे वळली, "काय बोलू, मॅडम? सुचतच नाही. सवय गेली."

"भांडा."

"आँ?"

"शेजारणीला नावं ठेवा. सासूबद्दल सांगा. त्याच्याशी चांगलं बोलायला जाऊ नका, चांगलं बोलायला गेलं की शाळेसारखं होतं."

ती तोंडावर पदर घेऊन हसली. मग पोराला सांगायला लागली, की वरच्या मजल्यावरची बाई रोज कचरा आपल्याच गॅलरीत कशी टाकते, आणि काल तिचीच साडी वाऱ्यानं उडून आपल्या तारेवर कशी आली, आणि आईनं ती कशी मुद्दाम संध्याकाळपर्यंत दिली नाही. पोरगं घास हातात धरून ऐकत होतं. तोंडात घालायचं विसरलं होतं.

मी उठले. तिसरं माणूस असलं की आईसुद्धा जरा सजून बोलते. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

तेव्हापासून रोज मी बाहेर. दिवस गेले, पितृपक्ष गेला, दसरा गेला. कधी आतून फक्त तिचाच आवाज. कधी तोही नाही. अस्मिता जाता-येता भुवया उडवायची, "मैम, कुछ प्रोग्रेस?" मी नाही म्हणायची. मला त्या शब्दाचीही चीड येते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात धर्मपाल सर राउंडवर निघाले आणि व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले.

"मैडम, छठवीं ब खाली है, आपका अरेंजमेंट लगा है. आप यहाँ क्या कर रही हैं?"

"काउन्सेलिंग चल रहा है, सर."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "अंदर कौन है?"

"बच्चा और उसकी माँ."

"तो आप बाहर क्यों हैं?"

तेवढ्यात आतून वनमालाचा आवाज आला, चांगलाच चढलेला. "पुन्हा हरवली बॉटल? कितव्यांदा? कोणाच्या बापाची हाय का ते?"

आणि त्यावर बारीक, न वापरल्यानं घोगरा झालेला, चिडका आवाज, "मी नाही हरवली! त्या सार्थकनं घेतली! तू ऐकतच नाही न, आई!"

सरांनी दाराकडे बोट केलं. "ये क्या बोल रहा है?"

"आईशी भांडून राहिलाय," मी मराठीतच म्हटलं आणि सहावी ब च्या वर्गाकडे निघाले.